सूर्याच्या धाग्याला ताप किती

आमच्या ताहिनास्ते गावात खोटं बोलणं हा दोष मानत नाहीत. कंटाळवाणं खोटं बोलणं, हा दोष. खाली खडकांवर आपटणारा समुद्र, वर पाइनचं रान, मधल्या उतारावर चिकटलेली आमची घरं. संध्याकाळी दोन्या ओब्दूलियाच्या, म्हणजे ओब्दूलियाबाईंच्या, दुकानाखेरीज जायला दुसरी जागा नाही. त्या दुकानात एका फळीवर खिळे, दोरखंड आणि साबण, दुसऱ्या फळीवर वाइन. वाइनला पाइनच्या पिंपाचा वास असतो आणि गोष्टीला सांगणाऱ्याच्या घराण्याचा.

त्या दुकानातला सगळ्यांत मोठा थापाड्या म्हणजे लिबोरियो पेस्तानो.

बकऱ्या राखणाऱ्याचा मुलगा. उंच, जरा वाकलेला, नाकाची साल बाराही महिने निघालेली. तरुणपणी डोंगरमाथ्यावर दुर्बिणी बांधायला सुरुवात झाली तेव्हा तो दगड वाहायला वर गेला, आणि दगड संपले तरी खाली आला नाही. माथ्यावर ताऱ्यांच्या दुर्बिणी पुष्कळ आहेत. त्यांची माणसं वटवाघळासारखी दिवसा झोपतात. लिबोरियो मात्र सूर्याच्या दुर्बिणीवर लागला. पहाटे ढगांच्या थरातून गाडी वर काढायची, ढगांचा समुद्र पायाखाली घालायचा, पांढऱ्या मनोऱ्याचं झाकण उघडायचं, आफ्रिकेतून उडून आलेली धूळ आरशावर बसली का ते पाहायचं, हवा निवांत आहे की थरथरतेय ते सांगायचं, आणि परदेशातले अभ्यासक म्हणतील तिथे दुर्बीण नेऊन ठेवायची.

ते बहुतेक वेळा म्हणत, काठावर. कारण या लोकांना सगळा सूर्य नको असतो. सूर्याच्या काठाबाहेर, त्याच्या वातावरणात, लाल पडदे लोंबत असतात. हवा निवांत असली की दिसतं, तो पडदा नव्हेच. ते धागे आहेत, पिंजलेल्या लोकरीसारखे बारीक, एकात एक गुंतलेले. त्या एकेका धाग्याला ताप किती, हे मोजायला ही माणसं समुद्र ओलांडून आमच्या डोंगरावर येतात.

आणि लिबोरियो संध्याकाळी खाली येऊन आम्हांला सांगायचा, "सूर्याचं अंग तापलंय सहा हजार अंश. धागा, सात-आठ हजार. आणि धाग्याच्या भोवतीची हवा, दहा लाख."

"म्हणजे विस्तवापासून लांब जावं तसं जास्त भाजतं," सेकुंदिनो म्हणायचा. हा गुरांचा दलाल, आणि लिबोरियोचा पत्त्यांतला भिडू. "माझ्या बायकोची चूल अशी असती तर मी अंगणात बसून भाकरी भाजली असती."

"हसा. पण खरं आहे."

"तुझ्या आजोबांच्या बकरीनं पाद्र्याच्या टोपीत अंडं दिलं, तेही खरं होतं."

"ते वेगळं. ती गोष्ट होती."

गावानं त्याला दहालाख्या म्हणायला सुरुवात केली. त्याचं त्याला काही वाटत नसे. थापाड्याला टोपणनाव म्हणजे सैनिकाला बिल्ला. वाटायला लागलं ते या वर्षी, सान आंतोनियोच्या उत्सवाच्या तोंडावर.

सान आंतोनियो म्हणजे गुरांचा संत. त्याच्या जत्रेला अख्ख्या बेटावरची गुरं आमच्याकडे उतरतात. जत्रेच्या आदल्या रविवारी देवळाच्या पायरीवर उभं राहून गावातला एक माणूस पहिलं भाषण करतो, त्या भाषणाला प्रेगोन म्हणतात. हा मान आयुष्यात एकदाच मिळतो. मान मिळालेल्या माणसाला पुढे रस्त्यात लोक आधी नमस्कार करतात, त्याच्या शेताचा बांध कुणी कोरत नाही, आणि मेल्यावर घंटा जरा जास्त वाजते. पण आमच्या गावची एक अट आहे: बोलणाऱ्यानं उजवा हात संताच्या काठीवर ठेवायचा, आणि तो हात काठीवर असेपर्यंत खोटं बोलायचं नाही. एकदा एका पुढाऱ्यानं काठीला हात लावून नवा रस्ता देतो म्हणून सांगितलं. त्या उन्हाळ्यात बकऱ्यांचं दूध आटलं. रस्ता अजून आलेला नाही.

तर या वर्षी लिबोरियोचं नाव निघालं. निवृत्तीला आलेला माणूस, डोंगरावर केस पांढरे केलेला. त्यालाही हा मान हवा होता, आणि किती हवा होता ते आम्हांला त्याच्या शर्टावरून कळलं. त्याची बायको आर्मिंदा पांढरा शर्ट इस्त्री करून दाराला टांगून बसली होती. लोक त्याच्या गोष्टींना पोट धरून हसले होते, पण त्याचं बोलणं टोपी काढून कुणी ऐकलं नव्हतं. एकदा तरी तसं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

उत्सव समितीची मुख्य ओब्दूलिया. रुंद बांध्याची, काळ्या एप्रनची बाई. तिच्या गल्ल्यासमोर पाद्रीसुद्धा हळू बोलतो. तिनं विचारलं, "बोलणार कशावर, बाळा?" आमच्याकडे साठीच्या माणसालाही बाळा म्हणतात.

"सूर्यावर. धाग्यांवर. दुसरं मला येतं काय?"

"आणि ते दहा लाख?"

"तेही."

"काठीला हात लावून?"

"काठीला हात लावून."

सेकुंदिनोनं वाइनचा पेला खाली ठेवला. "माझ्या तीन गाई गाभण आहेत," तो म्हणाला. "मी विचारतो, ती वरची हवा तापते कशानं? मला तू सांगितलंस, की कढईत तेल खाली राहतं आणि मिरचीचा ठसका वर जातो, तसं."

"मला तर म्हणाला," ओब्दूलिया म्हणाली, "भट्टीत राख खाली निवते आणि धग छताला लागते."

कोपऱ्यातून कुणी सांगितलं, पाद्र्याला तो म्हणाला होता की वर संतांची वस्ती आहे, म्हणून. मला स्वतःला त्यानं सांगितलं होतं, की कळपातल्या कडेच्या बकऱ्या जास्त पळतात, म्हणून. मीही ते सांगून टाकलं. मैत्री मैत्रीच्या जागी, आणि गाभण गाई गाईंच्या जागी.

झालं होतं असं, की या माणसानं प्रत्येकाला त्याच्या त्याच्या धंद्यातलं कारण पुरवलं होतं. आमच्याकडे कारणाशिवाय गोष्ट सांगणं म्हणजे पाहुण्याला मोहोची चटणी न लावता नुसते उकडलेले बटाटे वाढणं. लिबोरियो तसा घरंदाज. त्यानं कुणाला कोरडं पाठवलं नव्हतं. आणि आता सगळी कारणं एका गल्ल्यावर येऊन एकमेकांकडे पाहत होती.

"एका गाईला चार बाप दाखवतो," सेकुंदिनो म्हणाला, "त्याच्याकडून मी गाय घेत नाही."

ओब्दूलियानं निकाल दिला. "रविवारच्या आत मला पटवून दे. नाही पटलं, तर प्रेगोन सेकुंदिनो करील. गाईंवर बोलेल. कंटाळा येईल, पण दूध टिकेल."

लिबोरियोनं ठरवलं, की ताप कसा मोजतात ते आधी दाखवावं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दुकानामागच्या आवारात सगळ्यांना बोलावलं. सेकुंदिनोचा बैल मागून घेतला, आपली एक बकरी आणली, आणि दोघांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत शेजारी शेजारी उभं केलं.

"आता लक्ष द्या," तो छाती काढून म्हणाला. "धाग्याचा प्रकाश फोडून रंगांच्या पट्टीत पसरला, की प्रत्येक पदार्थाची आपली एक रेघ दिसते. धाग्यातले कण तापून सैरावैरा पळत असले, की रेघ रुंद होते. पण धागा नुसता हेलकावे खात असला तरी रेघ रुंद होते. मग कसं ओळखायचं, ताप की हेलकावा?"

"धाग्याला विचारायचं," सेकुंदिनो म्हणाला.

"दोन रेघा पाहायच्या. एक हायड्रोजनची, तो हलका, म्हणजे ही बकरी. एक कॅल्शियमची, तो जड, म्हणजे हा बैल. रस्ता खराब असला तर दोघं सारखेच हलतील. हा हेलकावा. पण ऊन तापलं, माश्या चावायला लागल्या, तर बैल जागेवर शेपूट हलवील आणि बकरी ट्रॉलीभर नाचेल. हा ताप. दोघांत जेवढा फरक, तेवढा ताप. समजलं?"

खरं सांगतो, समजलं. त्या क्षणी आवारातल्या सगळ्यांना समजलं, आणि ओब्दूलियाची भुवईसुद्धा थोडी वर गेली. लिबोरियो तिथेच थांबला असता तर मान त्याच दुपारी त्याच्या खिशात पडला असता. पण तो ट्रॅक्टरवर चढला.

दगडी गल्लीतून ट्रॉली खडखडत निघाली. बकरी आयुष्यभर कड्यावर राहिलेली. ती चार पाय रोवून रवंथ करत राहिली. बैल मात्र जन्मात कधी गाडीत बसला नव्हता. पहिल्या खड्ड्याला त्यानं डोळे फिरवले, दुसऱ्याला हंबरला, आणि तिसऱ्याला ट्रॉलीची फळी मोडून ओब्दूलियाच्या बटाट्यांच्या वाफ्यांत उतरला. त्याला बाहेर काढायला सगळ्या समितीला चपला हातात घ्याव्या लागल्या.

"जड नाचला आणि हलकी उभी राहिली," सेकुंदिनो चिखल झटकत म्हणाला. "तुझ्या हिशेबानं सूर्याला थंडी वाजतेय."

ओब्दूलिया आपले बटाटे पाहत होती.

मग लिबोरियोनं शेवटचा पत्ता काढला. त्या आठवड्यात माथ्यावर नॉर्वेची सिग्रिड आली होती. धाग्यांचा ताप मोजणं हेच तिचं काम; त्यासाठी ती वर्षानुवर्षं येते, आणि आमची भाषा अशी बोलते की जणू प्रत्येक शब्द आधी धुऊन घेतलाय. लिबोरियोनं तिला जेवायला खाली आणलं. ओब्दूलियानं तिच्यासमोर तव्यावर भाजलेलं बकरीचं चीज ठेवलं, हिरवा मोहो ओतला, आणि विचारलं, "पोरी, धाग्याला ताप किती?"

सिग्रिडनं घास नीट चावून गिळला. "आम्ही मोजलेल्या धाग्यांत बहुधा सहा हजार ते नऊ हजारांच्या दरम्यान. काही ठिकाणी जास्त असू शकेल. तो धागा एक आहे की त्याच्यामागे दुसरे लपलेत, यावर अवलंबून."

सेकुंदिनोनं लिबोरियोकडे पाहिलं. आमच्याकडे बकरीचा भाव एकदाच सांगतात. हात मिळवला की मिळवला. सहा ते नऊ म्हणणाऱ्या माणसाच्या बकरीला खोड असते, हे इथलं तान्हं पोरही जाणतं.

"आणि वरची हवा दहा लाख?"

"हो. कधी त्याहून जास्त."

"ती तापते कशानं?"

"दोन मतं आहेत," सिग्रिड आनंदानं म्हणाली. "काही म्हणतात, खालून लाटा वर जातात आणि तिथे फुटतात. काही म्हणतात, असंख्य बारीक स्फोट होतात. दोन्ही थोडं थोडं असेल. आमच्यात यावरून खूप भांडणं आहेत."

"बघा," सेकुंदिनो हळूच म्हणाला, "तिलाही शिकवलं यानं."

लोक हसले. सिग्रिडही हसली, आपण काहीतरी विनोदी बोललो असं वाटून. लिबोरियो हसला नाही. आर्मिंदानं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, की संध्याकाळी त्यानं स्वतःच तो शर्ट दारावरून काढून घडी घालून ठेवला.

सिग्रिडला वर सोडायला जाताना, पाइनच्या वळणांवर, त्याच्यात आणि तिच्यात जे बोलणं झालं ते त्यानं पुढे मला सांगितलं. इतर वेळी मी त्याच्या सांगण्यातलं निम्मं वजा करतो. या वेळी नाही केलं.

तो रागानं म्हणाला होता, "एक कारण सांगायचं होतं हो. कुठलंही एक. दोन कशाला सांगितलीत?"

"कारण आम्हांला माहीत नाही, लिबोरियो."

"तुम्हांला माहीत नाही म्हणजे कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. अजून पक्कं कुणालाच नाही." तिला त्याच्या प्रश्नाचं नवल वाटलं. "माहीत असतं तर मी घरी बसले नसते? तुम्हांला वाटलं तरी काय, मी दरवर्षी कशाला येते?"

लिबोरियोनं गाडी कडेला घेतली. त्याला वाटलं होतं, हे लोक पडताळा घ्यायला येतात. जसा आपण संध्याकाळी गोठ्यात जाऊन बकऱ्या आहेत ना, एवढं पाहून येतो, तसं. इतकी वर्षं त्यानं झाकण उघडलं, इतक्या माणसांना कॉफी दिली, आणि एकदाही विचारलं नव्हतं. विचारणार कशाला? त्याच्याकडे उत्तरं होती. चार-पाच होती.

दुसऱ्या दिवशी पहाट निवांत उजाडली. ढगांचा समुद्र खाली दुधासारखा पसरलेला, लांब त्यातून शेजारच्या बेटाचं शिखर वर आलेलं, वारा नाही. लिबोरियोनं झाकण उघडलं आणि दुर्बीण काठावर नेली. दुर्बिणीच्या पडद्यावर धागे आले. तो म्हणतो, मी ते किती वेळा पाहिले असतील, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. वर दहा लाखांची धग, खाली सहा हजारांचा विस्तव, आणि मधे ते धागे लोंबताहेत, वितळत नाहीत, पळत नाहीत. झुळझुळताहेत, जणू कुणी बाई अंगणात लोकर वाळत घालून आत गेलीय. आणि मागे सिग्रिड रेघा मोजतेय, हलकी आणि जड, आणि तिला माहीत नाही. तो म्हणतो, मला एकदम हलकं वाटलं. मग भीती वाटली. मग भूक लागली.

शनिवारी संध्याकाळी तो दुकानात आला. आम्ही सगळे होतोच. असल्या संध्याकाळी घरी कोण बसतं? सेकुंदिनोनं भाषणाची तयारी करून ठेवली होती; गाईंच्या खुरांपासून सुरुवात होती.

ओब्दूलियानं पेला पुसत विचारलं, "हं, बाळा. शेवटचं विचारते. ती हवा तापते कशानं?"

लिबोरियोनं तोंड उघडलं. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. नवी गोष्ट ओठांवर आली की त्याचा डावा कान हलतो. कान हलला. गोष्ट आलेली होती, आणि चांगली असणार होती. आम्ही सगळे पुढे वाकलो. सेकुंदिनोसुद्धा.

लिबोरियोनं तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

पिंपाच्या तोटीतून वाइन ठिबकत होती ती ऐकू आली.

"काय म्हणालास?"

"माहीत नाही, दोन्या ओब्दूलिया. दहा लाख आहे, ते मोजलंय. धागा सहा ते नऊ आहे, तेही मोजलंय, आणि सहा ते नऊच आहे, सेकुंदिनो, तुला आवडो न आवडो. पण का, ते मला माहीत नाही. सिग्रिडला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मी सांगितली ती सगळी कारणं माझी होती."

ओब्दूलियानं पेला खाली ठेवला आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. असं ती नोट खरी आहे का ते पाहताना पाहते.

"सेकुंदिनो," ती म्हणाली, "हा माणूस याआधी कधी माहीत नाही म्हणालाय?"

सेकुंदिनोनं आठवून पाहिलं. प्रामाणिक माणूस आहे तो, दलाल असला तरी. "त्याच्या लग्नात पाद्र्यानं विचारलं, ही बायको करशील का, तर यानं तिथेही एक गोष्ट सांगितली होती."

"थापाड्याला उत्तर असतंच," ओब्दूलिया म्हणाली. "खोट्याला कारणाची कधी टंचाई पडत नाही. मग हे खरं असणार." तिनं भरलेला पेला त्याच्यापुढे सरकवला. "शर्ट पुन्हा इस्त्री करायला सांग. आणि मोडलेले बटाटे सोमवारी येऊन काढ."

रविवारी लिबोरियो देवळाच्या पायरीवर उभा राहिला, उजवा हात काठीवर, आणि बोलला. फार चांगलं बोलला असं मी म्हणणार नाही. खरं बोलायची सवय नसल्यानं मधे मधे अडखळत होता. पण धाग्यांचं सांगितलं, रेघांचं सांगितलं, बैल आणि बकरीचं सांगितलं, आणि का, इथे आल्यावर म्हणाला, माहीत नाही. लोकांनी टोप्या काढल्या होत्या. मागे उभी असलेली सिग्रिड डोळे पुसत होती. तिनं सांगितलं, ऊन लागलं. या वर्षी दूध आटलं नाही, सेकुंदिनोच्या तिन्ही गाई सुखरूप व्याल्या, आणि त्यानं एका कालवडीचं नाव कॅल्शियम ठेवलं.

इथवर सगळं ठीक झालं. मान मिळाल्यावर महिन्याभरानं लिबोरियो एका संध्याकाळी दुकानात आला. चेहरा जुना, खुशीतला. कान हलत होता.

"आज पहाटे," तो म्हणाला, "झाकण उघडलं तर आत एक ढग अडकलेला. रात्री शिरला असेल. बाहेर निघेना. शेवटी मेंढी कातरायची कात्री आणली आणि चहूबाजूंनी कातरला. घरी उशी भरलीय त्याची."

आणि हसण्याची वाट पाहत थांबला.

सेकुंदिनोनं गंभीरपणे मान हलवली. "असेल. उंचावर होतं असं."

"काठीला हात लावलेला माणूस," ओब्दूलिया म्हणाली. "तो कशाला खोटं बोलेल?"

लिबोरियोनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मी टोपी काढली.

"अरे, थाप आहे ही," तो म्हणाला. "ढग कातरला, म्हणतोय मी. कात्रीनं."

"नम्र झालाय," कोपऱ्यातून कुणी म्हणालं.

"उशी ओली लागते का रे डोक्याला?" सेकुंदिनोनं काळजीनं विचारलं. "नाही, म्हणजे विकणार असशील तर सांग. आमच्या घरी सासूबाई आहेत."

लिबोरियोनं वाइन मागितली. ओब्दूलिया पिंपाकडे वळली आणि तोटीशी जरा जास्तच वेळ वाकून राहिली; तिची पाठ आमच्याकडे होती, आणि एप्रनच्या गाठीपासून मानेपर्यंत हलत होती.